ठमीच्या डोहाळजेवणाचा खुलासा

मुलुंड (पश्चिम),
मार्गशीर्ष, शुक्ल पक्ष

सन्माननीय व्याही श्री. दत्ताराम यांस, आणि त्यांच्या मागोमाग (खरे पाहता त्यांच्या आधी) सौ. रत्नप्रभाबाईंस,

मुलुंडहून मधुकराचा आदरपूर्वक नमस्कार पोचावा. आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, गोराईच्या वाडीतील विहिरीला पाणी कितपत टिकले आहे, आणि माडांवरचा भुंगा आटोक्यात आला का (गेल्या भेटीत आपण त्याला ‘सोंड्या’ म्हणालात, मी घरी येऊन शब्दकोश उघडला, आपण बरोबर होता), हे सविस्तर कळवावे. येथे आम्ही सर्व खुशाल आहोत. माझा रक्तदाब डॉक्टरांना आवडेल इतका आहे. चि. हर्षद कार्यालयातून पूर्वीप्रमाणेच उशिरा येतो आणि पूर्वीप्रमाणेच कोणतेही वाक्य पूर्ण करीत नाही.

मंगळवारी सौ. रत्नप्रभाबाईंचा दूरध्वनी आला. त्या मोजकेच बोलल्या आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी तो ठेवला. आमच्या ठमीच्या डोहाळजेवणाला आपणां उभयतांस आमंत्रण गेले नाही, आणि त्या सोहळ्याची छायाचित्रे मात्र आपल्या भ्रमणध्वनीवर पोचली, याचे त्यांना वाईट वाटले आहे. वाटणे रास्तच आहे. म्हणून हा खुलासा. हे पत्र केवळ खुलाशाचे आहे. यात मागणी, विनंती, गळ किंवा सूचना यांपैकी काहीही नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

चि. सौ. दिशा ही आपली कन्या आमच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा ती घोड्यांची डॉक्टर आहे हे आम्हांस ठाऊक होते. तिच्या मागोमाग घोडी येईल हे ठाऊक नव्हते. ठमी हे नाव आमच्या सौ. पद्मजाने ठेवले. शर्यतीच्या मैदानावर ती ‘लेडी अफिडेव्हिट’ या नावाने धावत असे (तिचे पूर्वीचे मालक वकील आहेत). ती जातिवंत थरोब्रेड आहे, म्हणजे जिच्या वाडवडिलांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या एकही नाव न गाळता ठेवलेली असते अशा कुळातली. तिने एकही शर्यत जिंकली नाही, परंतु प्रत्येक शर्यत शेवटपर्यंत धावली. सरकारी भाषांतर विभागात सारी हयात घालवल्यामुळे हा गुण मला विशेष जवळचा वाटतो. पुढच्या पायाची नस दुखावल्यावर वकीलसाहेबांनी तिला पुण्याकडच्या स्टड फार्मवर, जेथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते आणि जेथे ती स्वतः जन्मली होती, तेथे परत पाठवले. तेथे दोन हंगाम तिला गर्भ राहिला नाही. तिसऱ्या हंगामातही तपासणीअंती ‘रिकामी’ असा शेरा पडला, तेव्हा वांझ घोडीला ओट कोण चारणार, अशा विचाराने वकीलसाहेबांनी ती दिशाला देऊन टाकली, तीही रीतसर लेखी. पावसाळा सरता सरता दिशाला तिच्या पोटाची गोलाई खटकली. तिने सोनोग्राफी केली आणि आत एक लहानसे हृदय टापा टाकीत असल्याचे दिसले. (माणसांच्या दवाखान्यात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते, तशी मी तबेल्यावर स्वहस्ते लिहून लावली. हा कायदा घोड्यांना लागू नाही, असे दिशा म्हणाली. मी म्हणालो, कायदा नसेल, संस्कार आहे.)

तबेला म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेला म्हशींचा जुना गोठा. म्हशी शहराबाहेर गेल्या, गोठा उरला. मालकांनी तो वर्षअखेरपर्यंत वापरू दिला आहे. त्यानंतर तेथे इमारत उभी राहायची आहे. शिवाय डोंगरातून बिबट्या उतरतो. (सोसायटीच्या कुत्र्यांनी त्याच्याशी काही समझोता केलेला दिसतो, नवजात शिंगराला तो कोण समजावून सांगणार?) घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे, त्यामुळे ठमी फेब्रुवारीत मोकळी होईल. परंतु जेथे बाळंत व्हायचे तेथे तिने निदान महिनाभर आधी जाऊन राहावे, असा दिशाचा आग्रह आहे, कारण तेथील रोगराईशी झुंजण्याची ताकद मगच तिच्या चिकात उतरते, आणि शिंगराला ती पहिल्या घोटाबरोबर मिळते. (‘चीक’ हा शब्द कानी पडताच सौ. पद्मजाने खरवसाची चौकशी केली. दिशाने तिच्याकडे नुसते पाहिले. आमच्या घरात त्यानंतर खरवसाचा उल्लेख झालेला नाही.) तात्पर्य, नवीन वर्षाच्या आत ठमीसाठी निवारा हवा होता आणि तो कोठेच मिळत नव्हता. जुहूच्या वाळूवर मुलांना तट्टांवरून फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी जागा देऊ केली, पण तेथे संध्याकाळी मोठमोठ्याने गाणी वाजतात. कांजूरमार्गला एक गोदाम पाहिले. कचराभूमीकडून वारा फिरल्याबरोबर ठमीच्या आधी मीच बाहेर आलो. आपणांस विचारावे असे माझ्या मनात आले होते, पण दिशाने बजावले की बाबांचा गुडघा दुखतो, आईवर आधीच वाडीचा भार आहे, तेव्हा त्यांच्याकडे हा विषय काढायचा नाही. मी शब्द दिला. म्हणून तो विषय मी येथेही काढत नाही.

ठमीच्या आहाराविषयी आपणांस उत्सुकता असेलच. सकाळी ओट, गव्हाचा कोंडा, भिजवलेले जवस आणि मीठ. दिवसभर लसूणघास व वाळले गवत. मी हा तक्ता सुवाच्य अक्षरांत लिहून गोठ्यात टांगला. ठमीने तो पहिल्याच दिवशी खाल्ला. तिची देखभाल धाकूकडे आहे. धाकू हा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला मोतद्दार, मूळचा आपल्याच मालवणी मुलखातला. घोड्यांविषयीचे त्याचे एकही भाकीत आजवर खरे ठरलेले नाही, त्यामुळे तो अत्यंत विश्वासार्ह माणूस आहे. तो जे म्हणेल त्याच्या नेमके उलट धरून चालावे. सोसायटीतील भगिनींनी पुरणपोळीपासून साबुदाण्याच्या वड्यापर्यंत सर्व पदार्थ गोठ्याकडे नेऊन पाहिले. दिशाने त्या सर्वांना दारातच अडवले (घोड्याला उलटी करता येत नाही, हे मला या वयात कळले, चुकीचे काही पोटात गेले तर जिवावर बेतते) आणि गाजराखेरीज काही आणू नये अशी सक्त ताकीद दिली. तेव्हापासून आमच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे गाजर मिळेनासे झाले आहे. यंदा आमच्या इमारतीत कोणाकडेही गाजरहलवा झालेला नाही आणि त्याचे कोणालाही दुःख नाही, हे मी येथे आनंदाने नोंदवतो.

आता मूळ प्रश्न. डोहाळजेवणाची कल्पना पहिल्या मजल्यावरच्या शुभाताईंची. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत आणि यंदा इमारतीत दुसरी कोणी गरोदर नव्हती. सातव्या महिन्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मी त्रैराशिक मांडून, बाईचे नऊ तर घोडीचे अकरा, या हिशेबाने साडेआठवा महिना काढून दिला. तो सर्वांनी मानला. मग प्रश्न आला माहेरचा. डोहाळजेवणाला माहेरची माणसे हवीत. ठमीचे माहेर कोणते? सौ. पद्मजा म्हणाली, जेथे जन्म तेथे माहेर. सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली. (व्याहीबुवा, सारा घोटाळा येथे झाला.) त्यानुसार स्टड फार्मच्या व्यवस्थापकांस, ‘माहेरची मंडळी म्हणून अगत्याने यावे’, असे छापील आमंत्रण गेले. त्याचा मसुदा माझा होता आणि तो निर्दोष होता. दुर्दैवाने तो वाचनीयही होता. स्टड फार्मने तो वकीलसाहेबांना दाखवला, आणि ज्या घोडीला त्यांनी रिकामी म्हणून देऊन टाकले होते ती रिकामी नव्हती, ही वार्ता वकीलसाहेबांस आमच्याच आमंत्रणावरून प्रथम कळली.

सोहळा मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. ठमीला मोगऱ्याची आणि शेवंतीची वाडी भरली होती. कपाळावर फुलांची बिंदी, गळ्यात हार, आयाळीत गजरे. तिने प्रथम आपला हार खाल्ला, मग शुभाताईंचा गजरा खाल्ला, मग तृप्त होऊन डोहाळ्यांची गाणी ऐकत कान पुढे करून उभी राहिली. आमच्या सोसायटीच्या कोणत्याही कार्यक्रमाला असा श्रोता मिळालेला नाही. स्टड फार्मचे व्यवस्थापक श्री. मिहिर हे तरुण गृहस्थ टोपी घालून आले होते. आपल्याला कशासाठी बोलावले आहे याचा त्यांना प्रथम नीट उलगडा झालेला दिसला नाही, परंतु त्यांना पाटावर बसवून, कुंकू लावून, हातात लाडवांची बशी दिल्यावर ते सैलावले. मग भगिनींनी माहेरच्या माणसाला विचारायचे ते सर्व विचारले. ठमीची आई स्वभावाने कशी होती? (तापट, पण धावायला चांगली.) आजी? (लाथा मारायची.) यजमान? यजमान आयर्लंडहून आणलेले आहेत, शर्यती गाजवलेले आहेत, आणि एका हंगामात पन्नास-साठ घोड्या त्यांच्याकडे येतात, असे मिहिररावांनी अभिमानाने सांगितले. शुभाताईंनी ठमीच्या मानेवरून हात फिरवला आणि गाण्यातील ‘पतिराज’ असलेले कडवे गाळायला सांगितले. वयाचा विषय निघाला तेव्हा आणखी एक कळले. शर्यतीचा घोडा केव्हाही जन्मला तरी त्याचे वय एक जानेवारीलाच वाढते; एकतीस डिसेंबरला जन्मलेले बिचारे शिंगरू रात्र उलटताच वर्षाचे होते. आपल्या पिढीतील निम्मी मंडळी गुरुजींच्या सोयीसाठी एक जूनला जन्मली, तेव्हा मला यात काही नवल वाटले नाही.

बर्फी-पेढ्याच्या जागी दिशाने झाकलेल्या दोन बादल्या ठेवल्या होत्या. एकीत गाजर, म्हणजे नर, दुसरीत बीट, म्हणजे मादी. ठमीने दोन्ही बादल्यांकडे पाठ फिरवली आणि ओटीतील खण तोंडात धरला. दिशाने तो ओढून काढला तेव्हा त्याचा काठ ओला झाला होता, एवढेच. धाकूने जागच्या जागी जाहीर केले की जुळे होणार. ते ऐकून दिशाचा जीव भांड्यात पडला. (घोडीला जुळे म्हणजे मोठे संकट असते, सोनोग्राफीत एकच दिसले होते, आता धाकूकडूनही खात्री झाली.)

याच आनंदाच्या भरात मिहिररावांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “लाडू फर्स्टक्लास होते, काकू. आता पुढचं आमच्याकडे लागलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, नाही का? वकीलसाहेबांनीही सांगितलंय, घोडी आधी येऊ दे, बाकीचं मग बघू.”

आणि समस्त भगिनींनी, रीत ती रीत, म्हणून माना डोलावल्या. आम्हीच त्यांना माहेर म्हणून पाटावर बसवले होते. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? मी सहा भाषांतरकारांच्या मसुद्यांतील चुका काढलेला माणूस, पण या युक्तिवादात मला चूक सापडेना. लेखी दान आमच्याकडे होते, परंतु जागा त्यांच्याकडे होती.

मंडळी पांगल्यावर मी गोठ्यात गेलो. दिशा ठमीच्या मानेला कपाळ टेकून उभी होती. माझा हात धरून तिने तो घोडीच्या कुशीवर ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग आतून एक टाप माझ्या तळहातावर बसली, स्पष्ट, ठाम, एखाद्या पूर्णविरामासारखी. व्याहीबुवा, आजोबा होण्याचा योग चि. हर्षदने अद्याप आणलेला नाही. त्यामुळे या प्रसंगाला तोंड कसे द्यावे याचा मला अनुभव नव्हता. मी चष्मा पुसला.

“बाबा,” दिशा म्हणाली, “ती तिकडे गेली की परत यायची नाही. आणि शिंगरू तर नाहीच नाही.”

ती एवढेच म्हणाली आणि बादल्या उचलू लागली. रविवारी आणि सोमवारी मी सोसायटीच्या सूचनाफलकावरील चुकाही दुरुस्त केल्या नाहीत. लोक विचारपूस करू लागले.

अशा मनःस्थितीत मंगळवारी सौ. रत्नप्रभाबाईंचा दूरध्वनी आला. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देतो, कारण त्यांत एकही अक्षर बदलावे असे मला वाटले नाही:

“आमका फोटोत बघूक गावला. घोडी आमच्या चेडवाची, मगे म्हायार आमचा नाय तर कोणाचा?”

मी हे वाक्य उभ्याने ऐकले आणि खुर्चीत बसलो. इतक्या मोठ्या सभेत, माझ्यासह, हे कोणालाही सुचले नव्हते. ठमी या घरात आली ती दिशाच्या पाठोपाठ, दिशाच्या नावाने. सुनेबरोबर जे येते ते तिच्या माहेरचे. आणि स्टड फार्मचे म्हणाल, तर जेथे तिला तीन हंगाम वाट पाहून वांझ म्हणून घराबाहेर काढले, ते माहेर कसे म्हणावे? ते सासर झाले, आणि सासर म्हणूनही बरे नव्हे. मी हा युक्तिवाद सौ. पद्मजापुढे मांडला, तिने तो शुभाताईंपुढे मांडला, शुभाताईंनी मंडळाची तातडीची सभा घेऊन आधीचा निर्णय फिरवला. मग मिहिररावांस मी संदेश पाठवला की आमची गल्लत झाली, ठमीचे माहेर गोराईस आहे, आपण पाहुणे म्हणून आलात याबद्दल आभारी आहोत. त्यांच्याकडून जोडलेल्या हातांचे एक चित्र आले. (ते वाक्य नव्हे. तरीही अर्थ पोचला.) भला मुलगा आहे, त्याने वकीलसाहेबांनाही परस्पर समजावले आणि लाडवांची कृती तेवढी मागून घेतली.

तेव्हा सौ. रत्नप्रभाबाईंस माझे साष्टांग वंदन सांगावे. त्यांचा राग पूर्णतः न्याय्य होता, त्यांचे म्हणणे शंभर टक्के ग्राह्य धरले आहे, आणि ठमीचे माहेर आपलेच घर होय, हे मी या पत्राद्वारे लेखी मान्य करतो. ओटीचा नारळ आपल्या मानाचा म्हणून राखून ठेवला आहे. (नारळ गोराईस पाठवणे म्हणजे काय, हे मला कळते, पण मान तो मान.) खुलासा संपला. मनात किल्मिष ठेवू नये. लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा न कुरकुरता राहावा, ही प्रार्थना.

आपला स्नेहांकित,
मधुकर

ता. क. हे पत्र पुन्हा वाचताना लक्षात आले की, वरील खुलाशातून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. पहिले बाळंतपण माहेरी होते. ही रीत मी काढलेली नाही. गेल्या मे महिन्यात आपल्या वाडीत आलो असता, विहिरीपलीकडचा कौलारू गोठा मी सहज पाहिला होता. ऐसपैस आहे, दार पूर्वेला आहे, वाराही खेळता आहे. दिशाला दिलेला शब्द मी मोडलेला नाही, कारण विषय मी काढलेला नसून सौ. रत्नप्रभाबाईंनी काढला आहे. अर्थात आपली अडचण असल्यास निःसंकोच कळवावे. आपले उत्तर येईपर्यंत आम्ही काहीही करणार नाही.

ता. क. २. गोठ्यात वाळल्या गवताचा गुडघाभर थर लागेल. (आपल्या नव्हे, ठमीच्या गुडघ्याइतका.) दिशाने जानेवारीपासून गोराईस राहून कामावर जाण्याचे ठरवले आहे, म्हणजे लेक आणि घोडी दोघीही माहेरी राहतील. बाळंतिणीला कुळथाची पिठी चालते का, असे सौ. रत्नप्रभाबाई विचारतील, चालत नाही. डिंकाचे लाडूही चालत नाहीत. ते मुलुंडला पाठवावेत.

ता. क. ३. हे पत्र टपालाने येत नसून धाकूच्या हाती येत आहे, आणि धाकू ट्रकमधून येत आहे. ट्रक घोडबंदर रस्त्याने भाईंदर, उत्तन करीत येईल. जुन्या काळी त्या बंदरात अरबी घोडे उतरत असे म्हणतात, तेव्हा रस्त्याला काही नवीन वाटणार नाही. आपण हे वाचत आहात, त्याअर्थी ठमी या क्षणी आपल्या फाटकाशी उभी आहे. दिशा पुढे चालकाशेजारी बसली असेल आणि आपण रागावाल या भीतीने उतरत नसेल. तिला आधी उतरवून घ्यावे. माहेरवाशिणीवरून भाकरतुकडा अवश्य ओवाळावा, पण ओवाळून झाल्यावर तो लांब भिरकावून द्यावा. जवळ टाकल्यास ती खाईल.